पक्का टाका

आमच्या घरात रडणारा तो वेडा आणि न रडणारा तो शहाणा, असा सरळ हिशेब.

सासूबाई ऑपरेशननंतर गेल्या. पोटाचे टाके आतून उसवले, असं दवाखान्यात कोणीतरी बोललं. तेव्हापासून माझा नवरा मशीनवर बसल्या बसल्या रडायचा. दोघे भाऊ शिंपी, दुकान एकच. गिऱ्हाईक माप द्यायला उभं राहिलं की हा टेप गळ्यात अडकवून डोळे पुसणार. मामेसासऱ्यांनी जाहीर केलं, याचं डोकं फिरलंय.

धाकटे भावजी मात्र खंबीर. तयार कपड्याची प्रत्येक शिवण ओढून बघायचे, कच्ची वाटली की उसवून पुन्हा घालायचे. शिंपी शिवण ओढून बघतोच, त्यात कोणाला काय वावगं वाटणार? मग ते पक्कीही उसवायला लागले. ताट तसंच राहायचं, डोळ्याला डोळा नाही. मी बोलले, तर मामेसासरे म्हणाले, तू तुझ्या नवऱ्याचं बघ. गिऱ्हाइकं तर फिनिशिंगवर खूश. माझ्या अंगाची नुसती आग व्हायची.

शेवटी नवऱ्याला मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. नेलं कोणी? भावजींनीच. बाईंनी विचारलं, जेवता का, झोप लागते का, कामं उरकतात का, लेकीच्या खोड्यांवर हसू येतं का. सगळ्याला हो. बाई म्हणाल्या, हा आजार नाही, आई गेल्याचं दुःख आहे, रडू द्या. बाहेर बाकावर भावजी स्वतःच्या बाहीचा दोरा ओढत बसले होते. मी म्हटलं, आलोच आहोत तर तुम्हीही दाखवून घ्या. ते हसले. मला काय धाड भरलीय, म्हणाले, आणि सगळ्यांना ते पटलं.

पुढच्याच आठवड्यात लेक शाळेत पडली, कपाळाला टाके पडले. दुपारी दुकानात डोकावले तर भावजींनी तिला मांडीवर घेतलं होतं. एक हात तिच्या केसांवर, दुसऱ्यात बारीक कात्री. काका गंमत करतोय असं वाटून पोरगी गप्प बसलेली.

"हलू नकोस बाळा. कच्चे घातलेत, मी पक्के घालतो."

एक टाका कापून झाला होता. मी कात्री हिसकावली, कपाळावर पदर दाबला. ते रागावले नाहीत.

"वहिनी, आईसारखं हिचंही उसवेल हो," म्हणाले आणि पहिल्यांदा रडले.

मामेसासरे म्हणाले, रडला एकदाचा, आता मोकळा होईल. मी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. लेकीला पुन्हा टाके घालून आणले आणि भावजींना घेऊन आम्ही बाईंकडे गेलो.

बाईंनी विचारलं, हे कधीपासून?

नवऱ्याने मान खाली घातली. "मागच्या वेळी हाही आला होता," तो म्हणाला. "आम्ही बाहेर बसवलं."