डिंकाआत्या आणि चिकटलेलं फूल

आमच्या वनस्पती संग्रहालयात सुकवलेली रोपं जाड कागदावर चिकटवायचं काम एकतीस वर्षं एकाच बाईनं केलं. साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे तिला डिंकाआत्या म्हणतात. "मी चिकटवलेलं कुणी उखडून दाखवलं तर नाव बदलीन," ही तिची जुनी फुशारकी.

तीच अंगाशी आली. शेंगांच्या कुळातल्या एका झुडपाचा कागद कुणीतरी भलत्याच नावाखाली घालून ठेवला होता. पानं वेगळी, शेंग वेगळी. रोपं ओळखायचं काम माझं; मला वाटलं, ही नवीनच जात आहे. पण ठरवायचं तर फूल उघडून बघायला हवं. ते जिथून आणलं होतं त्या डोंगरावर अशी दोनच झुडपं सापडली आणि तीन वर्षांत त्यांना कळीसुद्धा धरली नाही. हाताशी फूल एकच, या कागदावरचं, आणि ते पुरतं डिंकात बसलेलं. खरं तर सुटं फूल पुडीत घालून कागदाच्या कोपऱ्यात ठेवायचं असतं.

"हा शहाणपणा माझाच," आत्या स्वतःहून म्हणाली. "नवीन होते तेव्हा. पुडीतून हरवेल असं वाटलं. आता फाटलं तर?"

"तर ही नवीन जात आहे असं कुणी मानणार नाही."

"मग सरक. तुझे हात घाईचे आहेत."

तिनं फुलावर ओल्या टिपकागदाचा तुकडा ठेवला. दर पाच मिनिटांनी ती बारीक कुंचल्याचं टोक कडेखाली सरकवून बघायची. चहा आला आणि निवून गेला. दुपारी तीनला फूल अख्खं सुटलं. मला तिचे हात धरून नाचावंसं वाटलं, पण तिनं डोळे वटारले.

पाकळ्या सुईनं उघडून मी तिलाच सूक्ष्मदर्शकातून बघायला बसवलं. "याच्या सगळ्या नातलगांत दहा पुंकेसर असतात. नऊ एकमेकांना जोडलेले आणि एक सुटा. इथं बघ."

तिनं दोनदा मोजले. "दहाच्या दहा एकत्र आहेत गं. सुटा कुणीच नाही."

"म्हणजे नवीनच!"

ती डोळा न काढता म्हणाली, "आम्हीही दहा भावंडं. आई गेल्यापासून नऊ एकीकडे आणि मी एकटी सुटी."

मी तिच्या खांद्याला खांदा लावून बसले आणि वर्णन लिहायला घेतलं. मोठ्यानं म्हणत लिहिलं, 'पुंकेसर दहा, सर्व जोडलेले.'

"परत वाच," आत्या म्हणाली.

मी परत वाचलं.