पागोद ना पागोद

आमच्या शिरूरचा हा शेजारी आखातातल्या हॉटेलात भांडी घासून परतला, तो सोबतच्या फिलिपिनो पोरांची भाषा घेऊनच. चहा कढत असला की म्हणायचा, "माइनित ना माइनित!"

मी एकदा वैतागलोच. "गरम म्हणतोस आणि वर 'ना' कसला?"

"काका, त्यो 'ना' नकाराचा न्हाई. लई म्हणायचं आसलं की शब्द दोनदा म्हणायचा अन् मधी 'ना' लावायचा."

लई थकला की हसत म्हणायचा, "पागोद ना पागोद."

यंदा तो बायकोसोबत ऊसतोडीला गेला. परतल्यावर ट्रकमधून उतरला आणि माझ्या ओट्यावरच टेकला. मीच विचारलं, "काय, पागोद ना पागोद?"

"पागोद," तो म्हणाला.

पुढचं येईल म्हणून मी थांबलो. त्यानं डोळे मिटले होते.