खामगावला घासलेला दात

माझा पुढचा दात बैलानं पाडला नाही, त्याचा कोपरा तेवढा उडवला. मिरचीची गाडी जुंपताना मी त्याच्या तोंडाशी उभी होते. माशी हाकलायला त्यानं मान झटकली आणि शिंग माझ्या ओठावर बसलं. पुढे जे काही झालं, त्या सगळ्या प्रकरणात मनात काळंबेरं नसलेला तेवढा तो बैलच होता.

आमचं उंद्रीला वांगी-मिरचीच्या मळ्याचं घर. महाराष्ट्र होऊन चार-सहा वर्षं झाली असतील. मी सातवी पास होऊन घरी बसले होते आणि एकोणिसावं लागलं होतं, म्हणजे आमच्याकडच्या हिशेबानं पोरगी शिळी व्हायला आली होती. पाहायला लोक यायचे, पोहे खायचे, चालून दाखव म्हणायचे. नाव विचारायचे, पण ते नावासाठी नव्हे. नाव सांगताना तोंड उघडतं. उघडलं की पाहुण्यांतली एक बाई दुसरीला कोपरानं ढोसायची. बैल घेतानाही दात पाहतात, पण बैलाला निदान कोणी भजन म्हणून दाखव म्हणत नाही.

तीन स्थळं अशी पोहे खाऊन गेली. मग सुलतानपूरच्या लोकांनी निरोप धाडला : पोरगी पसंत आहे, दाताचं तेवढं काही करून घ्या. काय करून घ्या, ते मात्र सांगितलं नाही.

बाबा मला एस.टी.नं खामगावला दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी आरसा घालून पाहिलं आणि म्हणाले, "दात ठणठणीत आहे. नुसता कोपरा गेलाय." मग त्यांनी दोन वाटा सांगितल्या. एक म्हणजे दात चारी बाजूंनी घासून त्याची खुंटी करायची आणि वर सोन्याची टोपी बसवायची. काम पक्कं. दुसरी म्हणजे पुढून जरासा खरवडून वर पांढऱ्या प्लास्टिकचा पातळ तुकडा चिकटवायचा. दात जवळजवळ आहे तसा राहतो, लांबून कळतही नाही, पण ऊस सोलायचा नाही, आणि तुकडा निघाला तर पुन्हा यायचं. "एकदा घासलेला दात परत येत नाही," डॉक्टर म्हणाले, "घरी विचार करून सांगा."

घरी म्हणजे गावात, असं बाबांनी धरलं. गावालाही त्या दिवसांत दुसरं काम नव्हतं. ज्यांच्या तोंडात मोजून चार दात उरले होते, तेही पारावर बसून माझ्या दाताचं ठरवू लागले. सोनारानं सोन्याची बाजू घेतली, हे सांगायलाच नको. न्हाव्याचा बाप पकडीनं दात उपटायचा, तेव्हा न्हाव्याचं म्हणणं पडलं की दात उपटूनच टाका, कटकट मिटते. शेजारच्या एका शहाण्यानं सांगितलं की प्लास्टिक उन्हानं वितळतं आणि वितळलं की पोटात जातं. बाबांनी हेही गंभीरपणे ऐकून घेतलं. अडाण्याचा गाडा, येईल त्या वाटसरानं ओढावा, तशी गत. मला मात्र एकानंही विचारलं नाही की बाई, तुला दुखतं का, आणि दुखत तर बिलकूल नव्हतं.

शेवटी साखरखेर्ड्याहून आत्या आली. ही बाबांची थोरली बहीण, आणि ती बोलल्यावर आमच्या घरात कोणी बोलत नसे.

"सोनंच लाव," तिनं बाबांना फर्मावलं. "पांढरं लावलं तं लोकायले काय दिसन? खर्च केला तं दिसला पाहिजे."

"पन दात घासाचा म्हनते ना डॉक्टर," आई चुलीपासून म्हणाली.

"घासन तं घासन. मरतानी तोंडात सोनं घालाच लागते ना मानसाच्या? हिच्या आताच राहील. मांगं राहनाऱ्यायची चिंता मिटली."

लग्नाला उभ्या केलेल्या पोरीच्या अंत्यविधीची सोय आत्यानं अशी परस्पर करून टाकली, आणि बाबांनी मान डोलावली. गंमत म्हणजे त्यांना ते फार दूरदृष्टीचं वाटलं.

आईनं एकदाच धीर केला. "तिले तं इचारा."

"तिले काय इचारता?" आत्या म्हणाली. "तिले आरसा दिसते. मले गाव दिसते."

आरसा मला दिसत होता, हे खरंच. कणीक भिजवताना मी चिमूटभर कणीक दाताच्या तुटक्या कोपऱ्यावर बसवायची आणि आतल्या खोलीत जाऊन आरशात हसायची. तेवढा वेळ मी कोणाच्याही घरची सून होऊ शकणारी, साधी, पांढऱ्या दाताची पोरगी असायची. मला पांढरंच हवं होतं. मला माझा दात हवा होता.

लावलं सोनंच. सुलतानपूरला माप ओलांडून गेले आणि सासूबाईंनी तोंड पाहिलं. त्या म्हणाल्या, "हे काय करून आनलं बाई? आमाले वाटलं पांढरा करसान." जाऊबाईंच्या पोरांनी आठवड्याच्या आत मला सोनदाती करून टाकलं. थंड पाण्यानं त्या खुंटीत कळ यायची, ती थेट डोळ्यापर्यंत. मी ओठ मिटून हसायला शिकले, म्हणजे हसायचीच कमी झाले. काही वर्षांनी टोपीखाली दात सडला आणि काढावा लागला. बैलानं कोपरा नेला होता, माणसांनी उरलेला नेला.

हे सगळं मी आजवर शंभरदा सांगितलंय. सुनांना, नातींना, लग्नाच्या मांडवात बसून परक्या बायकांनाही. आत्याची नक्कल करते, बाबांची करते, लोक पोट धरून हसतात, आणि मग म्हणतात, काय बाई लोक होते, पोरीला कोणी विचारलंसुद्धा नाही! मी म्हणते, नाही ना. हे मी खोटं सांगत आले.

दुसऱ्या वेळी खामगावला आत्या आणि बाबा दोघंही आले होते. बाबा बोलायला लागले तसे डॉक्टर म्हणाले, "तुम्ही दोघं बाहेर बसा." आत्या कुरकुरली, पण गेली. डॉक्टरांनी दार लावून घेतलं. खुर्चीशेजारी स्टुलावर बसले आणि मला म्हणाले, "दात तुझा आहे. तुला काय करायचं आहे? तू सांगशील तेच करतो. बाहेरच्यांना मी समजावीन."

उत्तर माझ्याकडे तयार होतं. एस.टी.त बसल्यापासून मी ते मनात घोकत होते, एकच तर शब्द होता. मी दाराकडे पाहिलं.

"बाबा म्हनतीन तसं," मी म्हणाले.

डॉक्टर म्हणाले, "पुन्हा एकदा विचारतो. तुला काय हवं?"

मी तेच पुन्हा म्हणाले. बाहेर ऐकू जावं म्हणून या वेळी जरा मोठ्यानं.