डाव्या लाइटचा नारळ

माझी जाऊ कृतिका कुणाशी वाईट वागत नाही, हाच तिचा मला सगळ्यात मोठा त्रास आहे. भांडखोर असती तर तोंडावर उत्तर देता आलं असतं. ही सगळ्यांच्या आधी उठते, डबे भरते, ठाण्याला कोर्टात दिवसभर कारकुनी करते आणि घरात पाऊल टाकल्या टाकल्या विचारते, "ताई, पोळ्या मी लाटू का?" अशा बाईचं काय करायचं, सांगा.

ती मूळची डोंबिवलीची. तिच्या वडिलांचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. ही शाळेतून थेट तिथे यायची आणि जुन्या बॅटऱ्यांवर बसून अभ्यास करायची म्हणे. पुढे बी.कॉम. झाली, नोकरीला लागली, पण हाताची सवय सुटली नाही. लग्न होऊन आली तेव्हा रुखवतात भांड्यांशेजारी पक्कड, टेस्टर आणि वायरींनी भरलेला डबा होता. तो बघून सगळ्यात जास्त मीच हसले होते.

शहाडला नदीकाठी आमचं घर, पुढे अंगण आणि अंगणात सासऱ्यांची फियाट. आमचे सासरे, गोविंदाबाबा, यांनी ती शेती होती त्या काळात घेतली आणि लेकीसारखी सांभाळली. घरात नवी गाडी आहे, तरी एकवीरा आईच्या दर्शनाला जायचं ते फियाटनेच. दर अवसेला, दसऱ्याला आणि एकवीरेला निघताना तिच्यापुढे नारळ. तो अंगणातल्या दगडावर फोडायचा आणि पाणी गाडीच्या डाव्या लाइटवर ओतायचं. डाव्याच का? तर रस्त्याच्या कडेने चालणाऱ्या माणसाला तीच बघते, असं बाबांचं म्हणणं.

तो नारळ मी फोडते. बाबांना झटका येऊन उजवा हात गेला, त्या दसऱ्याला त्यांचे दोन्ही मुलगे पुढे झाले होते. बाबांनी नारळ माझ्या हातात दिला. बाईमाणसाने नारळ फोडू नये, असं म्हणत चुलत सासवांनी नाकं मुरडली.

"यो मान आता समीक्षाचा," बाबा म्हणाले. "माजं आजारपन तिनं काढलंय."

या घरात मी पुष्कळ केलं, पण फक्त माझं म्हणून मिळालं ते एवढंच.

यंदा नवरात्रात डावी लाइट मंद झाली. डिपर दिला की आणखीच मंद व्हायची आणि तिच्याखालची छोटी पार्किंग लाइट आपोआप लुकलुकायची. कल्याणच्या मेकॅनिकने बल्ब बदलला, फ्यूज बदलला, शेवटी स्विचही बदलला. लाइट जशीच्या तशी. एकवीरेहून परत यायला रात्र होणार आणि बाबा दुसऱ्या गाडीत बसायला तयार नाहीत.

"मी बघू का?" कृतिकाने विचारलं.

"बघ की," मी म्हटलं. "मेकॅनिक थकले, आता कोर्टाने निकाल द्यावा."

तिचा नवरा दिपेश, माझा दीर, खो खो हसला. ती ओढणी कमरेला खोचून बॉनेटखाली वाकलीसुद्धा.

तिने एक लांब वायर घेतली. एक टोक बॅटरीच्या मायनसला लावलं, दुसरं लाइटच्या मागच्या पत्र्याला टेकवलं. लाइट अशी लख्ख लागली की मी मागे सरले.

"बल्ब चांगला आहे, बाबा. करंट जातोय, पण त्याला परत यायला रस्ता नाही, म्हणून दुसऱ्या लाइटमधून वाट काढतोय. अर्थिंग गेलंय."

बाबा खुर्चीत ताठ झाले. "माजी मेकॅनिक हाय ती!" म्हणाले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं या माणसाला भरवलं, त्यांचे पाय चेपले, पण 'माजी' हा शब्द मला कधी ऐकू आला नव्हता. आणि ही काल आलेली!

तिने लाइटच्या मागे हात घालून अर्थिंगचा बोल्ट काढला. मी अगदी शेजारी उभी होते. बोल्ट गंजून फुगला होता, वायरीच्या टोकावर हिरवा थर चढला होता आणि त्या थरात नारळाच्या शेंडीचा धागा अडकला होता. बारीकसा, एकच.

कृतिकाने त्या धाग्याकडे बघितलं, मग अंगणातल्या दगडाकडे, मग माझ्याकडे. अवसेमागून अवस मी मानाने ओतलेलं पाणी झिरपून तिथेच मुरत होतं. आता तिने एक शब्द काढला की नारळ माझ्या हातून गेला. तिच्या जागी मी असते तर काढला असता, चारचौघांत, चांगला मोठ्याने.

"कशानं गंजला गं?" बाबांनी विचारलं.

"नदीकाठची हवा, बाबा. त्यात गाडी जुनी." तिने तो धागा नखाने उडवून दिला.

संध्याकाळी स्वयंपाकघरात ती माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "ताई, अर्थिंगची वायर वर घेतलीये, बॅटरीपाशी. तिथवर पाणी पोचत नाही. तुम्ही खुशाल ओतत जा."

"भाजी ढवळ, करपेल," मी म्हटलं.

मला रडू यावं की तिला ओरबाडावं, कळेना. गाडीची वायर हलवली, पण माझा नारळ तिने हलवला नाही. मान माझाच राहिला. पण आता तो तिने ठेवला म्हणून राहिला होता, आणि हे आम्हा दोघींनाच ठाऊक होतं.

एकवीरेला निघालो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. बाबांनी नेहमीसारखा डाव्या हाताने नारळ पुढे केला. मी फोडला, पाणी लाइटवर ओतलं. कृतिका स्टिअरिंगवर बसली आणि तिने बटण दाबलं. भर उन्हात लाइट लागली की नाही, हे समोर उभ्या माणसालाच कळतं. समोर मी एकटी होते.

"समीक्षा, लागली का?" बाबांनी मागच्या सीटवरून विचारलं.

'नाही' म्हणायला काय लागतं? तो शब्द ओठांवर आलाच होता. काचेपलीकडून कृतिका माझ्याकडे बघत होती. डावी लाइट डोळ्यांत खुपेल इतकी लख्ख होती.

"लागली," मी म्हटलं.

बाबांना ऐकू गेलं नाही. मग सगळ्यांसमोर पुन्हा, मोठ्याने म्हणावं लागलं.