ठाकुर्लीच्या खाचरात उतरलेलं विमान

मी तेव्हा डोंबिवलीत राहायचो आणि मुंबईच्या एका फ्लाइंग क्लबात विमान चालवायला शिकत होतो. लायसनची परीक्षा जवळ आली तशी माझी झोप उडाली. जेवता जेवता उठायचो, ओटीवर चार चकरा मारायचो, परत येऊन बसायचो. "अरे, पानावर तरी नीट बस," आई वैतागायची.

परीक्षक पन्नाशीचे, लढाईत विमान चालवलेले गृहस्थ. विमान दोन सीटांचं, उघडं. पुढे ते, मागे मी, बोलायला मध्ये रबरी नळी. थंडीतली दमट सकाळ होती. खाडी ओलांडून ठाकुर्लीकडे आलो आणि त्यांनी एकाएकी इंजिनाचा जोर कमी-जास्त करायचा थ्रॉटल बंद केला.

"इंजिन बंद पडलंय असं समज. कुठे उतरवशील?"

परीक्षेत हे असायचंच. शेत हेरायचं, विमान तरंगत खाली न्यायचं आणि जमीन जवळ आली की परीक्षक थ्रॉटल उघडून परत वर न्यायचे. मी कापणी झालेली भाताची खाचरं दाखवली. इंजिन फार थंड पडू नये म्हणून मधूनमधून थोडा थ्रॉटल द्यायचा, असं मला शिकवलेलं. मी थ्रॉटलला हात लावला; त्यांच्याकडचा जोडलेला थ्रॉटलही हलला असावा.

"राहू दे," नळीतून आवाज आला. "खरंच बंद पडलं असतं, तर कुठून दिला असतास?"

मी हात काढला. पेंढ्याच्या उडव्या दिसायला लागल्या, मग एकेक बांध. आता उघडतील, आता उघडतील. शेवटी त्यांनी थ्रॉटल पुढे ढकलला. इंजिन दोनदा खोकलं आणि पंखा थांबला. पंखांच्या तारांमधून वाऱ्याची शीळ तेवढी ऐकू येत होती.

विमान वळवायचा दांडा माझ्या हातात अडला. पुढच्या सीटपाशीही त्याला जोडलेला दांडा होता, आणि तेही तो ओढत होते. मी डावीकडे, ते उजवीकडे.

"सर, कोण उतरवतंय?" मी ओरडलो.

मग त्यांचे दोन्ही हात सीटच्या वर आले, मला दिसतील असे, रिकामे.

मी डावीकडचं लांबट खाचर धरलं. चाकं टेकली, विमान उडत-आपटत धावलं आणि टोकाच्या बांधाला अडकून नाकावर उभं राहिलं. त्यांचं कपाळ फुटलं होतं. मला खरचटलंसुद्धा नव्हतं. शेतातली माणसं धावत आली. एका म्हातारीने आपल्या पदराने त्यांचं रक्त पुसलं आणि मला विचारलं, "तुला लागला का रं, पोरा?"

कल्याणच्या दवाखान्यात टाके पडल्यावर ते म्हणाले, "तुला थ्रॉटल देऊ द्यायला हवा होता."

"आणि आपण दोघंही दांडा ओढत होतो, सर."

"हो. ते तर त्याहून वाईट."

परीक्षा पुन्हा झाली, तेच परीक्षक. या वेळी त्यांनी आधी जमिनीवरच सांगितलं: इंजिन बंद करीन ते धावपट्टीच्या डोक्यावर, आणि 'माझ्याकडे' म्हटलं की तू दांडा सोडायचा. मी पास झालो.

लायसन मिळालं, पण आमच्या गल्लीतली पिठाच्या गिरणीची घरघर दुपारी थांबली की मी अजून दचकून उठायचो. आईने त्याबद्दल काही विचारलं नाही, आणि त्या खाचराबद्दल मीही तिला बरीच वर्षं काही सांगितलं नाही.