यंगामवालीच्या पापण्या

ओक्सिमआजीला ओक्सिम म्हणणारं गावात कुणी उरलंच नव्हतं. माहेर यंगामचं म्हणून ती यंगामवाली. शेजारीण बोसोंगची, म्हणून ती बोसोंगवाली. दोघी जिवाभावाच्या मैत्रिणी आणि तितक्याच हाडवैरिणी. गाव लसणाचं. उकिडवं बसून लसूण उपटता उपटता तिथल्या बायकांचे गुडघे असे बाहेर वाकलेले, की मधून डुकराचं पिल्लू पळून जावं!

मे महिन्यात आईबापांचा दिवस येतो. त्या दिवशी लेकरं हल्ली फुलांबरोबर पापण्याही देतात. म्हातारपणी लोंबलेल्या पापण्या डॉक्टरकडून उचलून घ्यायच्या. एकीच्या लेकानं केलं, की दुसरीचा मागे राहील तर शप्पथ! सगळ्या एकाच डॉक्टरकडे गेल्या आणि एकसारखे डोळे घेऊन परत आल्या. इतके ताणलेले, की "जेवलीस का?" एवढंच विचारलं तरी ऐकणारीला वाटायचं, कुणी गेलंबिलं की काय.

ओक्सिमआजी मात्र हटून बसली. "डोळे घेऊन काय चाटू? मला गुडघे हवेत."

तिच्या लेकानं, तेकसूनं, तिला ग्वांगजू शहरात नेलं. हाडांच्या डॉक्टरनं पडद्यावर तिचाच गुडघा गरगर फिरवून दाखवला, मग रोबोचा हात दाखवला.

"हा कापणार मला?"

"कापणार मीच, आजी. हा फक्त माझा हात रेषेबाहेर जाऊ देत नाही."

"बरं झालं बाई. म्हणजे तू आदल्या रात्री ढोसून आलास तरी चालेल."

तेकसूला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. डॉक्टर मात्र पोट धरून हसला. पुढे नवे गुडघे बसवून आजी गावात परतली ती ताठ चालत. दोन बोटं उंच झाली म्हणून बायकांनी नाकं मुरडली. डॉक्टरची अट एकच, यापुढे जमिनीवर बसायचं नाही.

आणि तिथेच माशी शिंकली. गावच्या सभाघरात दुपारचं जेवण झालं, की जमिनीवर घोंगडी अंथरून फुलांची, चंद्राची चित्रं असलेल्या पत्त्यांचा डाव बसायचा; हातातल्या पानाला खालच्या पानाची जोड लावून उचलायचं. हरेल तिनं सगळ्यांची भांडी घासायची. आजी खुर्चीवर बसली आणि पहिल्याच डावात बोसोंगवाली ओरडली, "ए, ही वरून आपली पानं बघतेय! उठवा हिला. टीव्हीपाशी बसू दे."

आजीनं खुर्चीची कड घट्ट धरली. नवरा कधीच गेलेला, लेक शहरात. हा डाव सुटला तर बोलायचं कुणाशी, कोंबड्यांशी?

"अगं मेले, माझ्या पापण्या तरी बघ! नाकाशी टेकल्यात. मला माझीच पानं दिसेनात, तुझी कुठली दिसायला?"

सगळ्यांनी वाकून बघितलं. पापण्या खरंच लोंबत होत्या. आजीनं आणखी थोड्या लोंबू दिल्या. शेवटी खुर्ची राहिली. वर आजी रोज हरायची, त्यामुळे तक्रारीला जागाही नव्हती.

पण पापण्याच त्या, किती दिवस साथ देणार? केस आत वळून डोळ्यांत टोचायला लागले, डोळे लाल झाले, पाणी थांबेना. तेकसू आला. "आई, पापण्या उचलून घेऊ."

"काही नको मला."

"अगं, हे नटणं नाही. डॉक्टर म्हणतात, बुबुळाला चरे पडतील."

"पडू देत. या वयात मला कुणाला डोळे मारायचेत?"

तेकसूला वाटलं, आई पैशाला भिते. पुन्हा वाटलं, सुईला भिते. खरी भीती त्याला कशी कळणार? डोळे उघडले, की पत्त्यांतून बाहेर, एवढंच तिच्या डोक्यात होतं. शेवटी एका डोळ्यानं दिसेनासं व्हायला लागलं, तेव्हा ती मुकाट्यानं गाडीत बसली.

ऑपरेशन छान झालं. घरात पाऊल टाकल्याबरोबर तिला कोपऱ्यातली जळमटं दिसली. सभाघराकडे मात्र ती फिरकली नाही. सूज आहे, म्हणून निरोप धाडला. सूज उतरली तरी निरोप तोच. जेवायची ती एकटी. खुर्चीवर बसल्या बसल्या तिला रडू यायचं.

एके दिवशी, गुडघे गेलेल्या बायका आधाराला ढकलत नेतात तसल्या ढकलगाडीचा खडखडाट अंगणात आला. मागोमाग बोसोंगवालीचा आवाज.

"काय गं, मेलीस का?"

"सूज आहे."

"कुठं? मला तर मांजरीसारखे टपोरे डोळे दिसतायत."

आजीनं मान खाली घातली. "दिसतं आता मला. सगळं दिसतं. मग कशाला बोलावतेस?"

"आता दिसतं होय? आणि आधी दिसत नव्हतं?"

"म्हणजे?"

बोसोंगवाली धापा टाकत ओट्यावर टेकली. "यंगामवाले, मला काय खुळी समजलीस? माझ्या हातात चंद्राचं एक पान असलं, की नेमकं तू त्याच्या जोडीचं पान खाली टाकायचीस. ज्या दिवशी माझे गुडघे ठणकत, त्याच दिवशी. आंधळीचा इतका नेम असतो होय गं? आणि हरून वर म्हणायचीस, थांबा, भांडी मी घासते, माझे गुडघे नवे आहेत."

आजी लाजून लाल झाली. "सगळ्यांना ठाऊक होतं?"

"सगळ्यांना. म्हणून तर तुझ्या खुर्चीला कुणी हात लावला नाही. आणि तू इथं तोंड लपवून बसलीयस, टवळे!"

आजीला भडभडून आलं. नव्या पापण्यांतून पाणी घळाघळा वाहायला लागलं.

"पुरे, पुरे. टाके उसवतील, मग लेक माझ्या नावानं बोंब मारेल," बोसोंगवाली म्हणाली. मग इकडंतिकडं बघत, आवाज उतरवून ती म्हणाली, "चल गं. तू नाहीस तेव्हापासून मीच हरतेय. मोरीशी उभं राहवत नाही मला आता."