गोल झालेला नाही

तिला आम्ही सगळे शिट्टी म्हणतो. आवाजामुळे. लहानपणी ती गोलच्या मागे उभी राहून ओरडायची ते पलीकडच्या गोलकीपरला ऐकू जायचं. पुढे याच आवाजाबद्दल चार शहाण्यांनी तिला ऐकवलं, "बाईचा आवाज चढला की कानाला टोचतो." पुरुषाचा चढला की तो मात्र जोश. हा नियम कुठे लिहिलाय, असं मी, तिची मैत्रीण, त्यातल्या एकाला तोंडावर विचारलं होतं.

तिचे वडील फुटबॉलच्या स्टेडियमवर कामाला. चुन्याच्या रेघा मारायच्या, गवत कापायचं आणि गोलच्या फाटक्या जाळ्या विणून काढायच्या. शिट्टी त्यांच्या शेजारी फतकल मारून गाठी मारायची. दहा वर्षांची असताना तिला नुसत्या जाळीच्या हलण्यावरून चेंडू कुठे लागला ते कळायचं. आत गेला की जाळी मागे फुगते आणि क्षणभर तशीच राहते. बाहेरून, बाजूला लागला की नुसती थरथरते. लांबून दोन्ही सारखंच दिसतं, भले भले फसतात. कुठल्याही कॉलेजात हे शिकवत नाहीत, म्हणून याला कोणी ज्ञान म्हणत नाही.

शहरातल्या रेडिओ केंद्रावर ती सहा वर्षं स्कोअरर होती. स्कोअरर म्हणजे कॉमेंट्री बॉक्समध्ये कॉमेंटेटरच्या डाव्या हाताला बसणारी, माईक नसलेली बाई. समोर बावीस खेळाडूंचा तक्ता. चेंडू ज्याच्या पायात जाईल त्याच्या नावावर पेन्सिलीचं टोक टेकवायचं, कॉमेंटेटरनं ते वाचायचं. तक्ते ती घरी, स्वतःच्या हातानं बनवायची. कोण डावरा, कोणाचा गुडघा दुखतोय, कोण पडल्याचं नाटक करतो, सगळं त्यात. आमचे गाजलेले कॉमेंटेटर अण्णा, ज्यांच्या नजरेची लोक तारीफ करायचे, ते बोलायचे. बघायची ही.

माईक मिळावा म्हणून तिनं चार वेळा अर्ज केला. केंद्राच्या साहेबांनी चारही वेळा वाटाण्याच्या अक्षता लावल्या. शेवटच्या वेळी तर म्हणाले, "तुम्ही मैदानाच्या कडेला उभं राहून खेळाडूंना दोन गोड प्रश्न विचारा ना. छान दिसाल."

"रेडिओवर छान कसं दिसायचं हो, साहेब?" तिनं विचारलं.

साहेबांनी फाइल उघडली.

मग चषकाच्या उपांत्य सामन्याला दुसरा कॉमेंटेटर घसा धरून घरी बसला आणि साहेबांचा नाइलाज झाला. "तुम्ही दुसऱ्या खुर्चीवर बसा. तक्ताही सांभाळा. अण्णा देतील तेव्हाच बोलायचं. ते खूश झाले तर पुढच्या हंगामाच्या कॉमेंटेटरांच्या यादीत तुमचं नाव घालतो."

म्हणजे सहा वर्षांचा निकाल अण्णांच्या मर्जीवर.

बॉक्सचा एक रिवाज आहे. बोलणाऱ्यानं शेजाऱ्याच्या कोपराला हात लावला की बोलणं त्याच्याकडे गेलं. हात लागल्याशिवाय दुसऱ्यानं तोंड उघडायचं नाही. पहिली पंचेचाळीस मिनिटं अण्णांचा हात इकडे वळलाच नाही. मध्ये दोनदा ते पाणी प्यायले. तेवढा वेळही त्यांनी श्रोत्यांना शांतता ऐकवली, पण कोपराला हात लावला नाही.

मध्यंतरात शिट्टीला तिच्या सासूबाईंचा फोन.

"अगं, तू तिथंच आहेस ना? का दांडी मारलीस?"

"इथंच आहे, आई."

"मग बोलत का नाहीस? शेजारणीला मुद्दाम बोलावून बसवलंय मी. ती म्हणते, तुमच्या सुनेला कंठ फुटायचाय वाटतं. घरात तर माझ्याशी चांगली टाळूला जीभ न लावता बोलतेस!"

उत्तरार्धात, त्रेसष्टाव्या मिनिटाला, घरच्या संघाच्या विंगरनं उजवीकडून सणसणीत फटका मारला. जाळी हलली. अण्णा खुर्चीतून अर्धे उठले आणि त्यांनी तो प्रसिद्ध, लांबलचक "गोऽऽल!" ठोकला.

शिट्टीची पेन्सिल जागची हलली नव्हती. जाळी थरथरली होती, फुगली नव्हती.

पण आमच्याकडे स्टँडमधले लोकही कानाला फोन लावून कॉमेंट्री ऐकतात, कारण लांबच्या टोकाला बसलेल्यांना गोल दिसत नाही. ते टोक उसळलं. आणि खाली रेफ्रीनं शांतपणे गोलकिकसाठी, म्हणजे चेंडू बाहेर गेल्याचा, हात केला.

अण्णांच्या चेहऱ्याचा रंग उडाला. त्यांनी माईकचा खटका दाबून आवाज बंद केला आणि कुजबुजले, "सांग, लाइन्समननं झेंडा वर केला, ऑफसाइड. म्हणून गोल रद्द." आणि तिच्या कोपराला हात लावला.

सहा वर्षांत पहिल्यांदा. खोटं बोलण्यासाठी.

ही त्या बॉक्सची जुनी युक्ती. आपण चुकलो की खापर झेंड्यावर फोडायचं. ज्येष्ठ मोकळा, केंद्राची अब्रू शाबूत. आदल्या वर्षी हेच झालं होतं. तेव्हा लाइन्समन होता एका शाळेचा चित्रकलेचा मास्तर. न उचललेल्या झेंड्यासाठी त्याच्या डोक्यावर चिडलेल्या प्रेक्षकांची बाटली बसली. सात टाके. त्या दिवशी शिट्टी तक्त्यावर पेन्सिल टेकवून गप्प बसली होती. हे तिनं मला आपणहून सांगितलं. मी चिडून म्हटलं, "तूसुद्धा?" ती म्हणाली, "हो, मीसुद्धा. ओरडायचं असेल तर ओरडून घे."

आज खाली कडेला तोच मास्तर झेंडा घेऊन उभा होता.

तिनं खटका उघडला.

"श्रोतेहो, गोल झालेला नाही. चेंडू जाळीला बाहेरून लागला. चूक आमची, इथं बॉक्समध्ये झालेली. झेंडा उचललेला नव्हता, रेफ्रीचा निर्णय बरोबर आहे. स्कोअर अजून शून्य-शून्य. गोलकिक घेतली जातेय..."

आणि ती थांबलीच नाही. अण्णांनी तिच्या कोपराला हात लावला. ती बोलत राहिली. परत लावला. तिसऱ्यांदा चांगलं हलवलंच. तेव्हा तिनं वाक्य न तोडता कोपर टेबलाखाली घेतलं. पुढची सत्तावीस मिनिटं आणि वर चार, ती एकटी बोलली. शहाऐंशीव्या मिनिटाला खराखुरा गोल झाला तेव्हा तिचा आवाज चढला. मनसोक्त चढला. कोणाच्या कानातून रक्त आल्याची नोंद नाही.

मास्तर त्या दिवशी आपल्या पायांनी, सायकलवर बसून घरी गेला.

सोमवारी साहेबांच्या खोलीत बोलावणं. अण्णा खिडकीकडे तोंड करून बसलेले.

साहेब म्हणाले, "तुम्ही ज्येष्ठांचा पाणउतारा केलात. रिवाज मोडलात. लेखी माफी द्या, मग यादीचं बघू."

"मी काही चुकीचं सांगितलं का?"

"प्रश्न बरोबर-चूकचा नाही, बाई. शिस्तीचा आहे."

"मग माफी नाही."

"मग यादीत नावही नाही. स्कोअररचं काम आहे, ते करा मुकाट्यानं."

"तेही दुसरं कोणी शोधा," ती म्हणाली आणि आपले तक्ते काखोटीला मारून निघाली.

ती घरी आली. सासूबाईंनी तिच्यासमोर चहा ठेवला आणि म्हणाल्या, "त्या साहेबाचा नंबर दे." ती नको म्हणाली. तो नंबर मी देणार होते, पण तिनं मलाही देऊ दिला नाही.

पुढच्या सामन्याला नवा स्कोअरर आला. छापील यादी घेऊन. अण्णांनी मैदानाबाहेर गेलेल्या खेळाडूला कॉमेंट्रीत दहा मिनिटं पळवलं आणि दोन सख्ख्या भावांची अदलाबदल केली. त्या भावांच्या आईनंच केंद्राला फोन केला म्हणे. त्यानंतरच्या सामन्यात याहून वाईट. आणि मग मास्तरनं सगळ्या रेफ्रींच्या सह्या घेऊन पत्र दिलं: बॉक्सची चूक बॉक्सनं त्याच मिनिटाला कबूल करायची, नाहीतर आमच्यातला कोणी मैदानात उतरणार नाही.

तेव्हा साहेबांना तिचा पत्ता आठवला. "माफीचं राहू द्या आता," ते फोनवर म्हणाले. "या तुम्ही."

"राहू द्या नाही. माफी मागायला सांगितलं ते चुकलं, असं तुमच्या सहीनं द्या. आणि मला सामन्याचा पूर्वार्ध पाहिजे. पहिली खुर्ची."

"फार ताणताय तुम्ही."

"सहा वर्षं सैल सोडलं होतं, साहेब."

चार दिवसांनी कागद आला. दोन ओळी, त्यात 'अनवधानाने' हा शब्द तीन वेळा. तिनं तो वाचून पर्समध्ये टाकला आणि शनिवारी बॉक्सचा जिना चढली. खिडकीजवळची पहिली खुर्ची ओढली, तक्ता मांडला, हेडफोन कानाला लावला. अण्णा दारात उभे.

"मी दुसऱ्या खुर्चीवर बसणार नाही," ते म्हणाले.

"मग उभे राहा, अण्णा. सामना नव्वद मिनिटांचा आहे."

खाली रेफ्रीची शिट्टी वाजली आणि तिनं बोलायला सुरुवात केली. सातव्या मिनिटाला अण्णा बसले.